स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो: बॉनेट तीन, इंजिन एकच (छोट्या टर्बो इंजिनांचं कूळ आणि भरवसा)

शिरूरकर
रविवार, रात्री ९:४०

आज भाच्यासाठी जुनी गाडी बघायला वाघोलीला गेलो होतो. बजेट अडीच लाख. रोज शिरूर ते चाकण जाणं-येणं असल्यामुळे डिझेलच हवी. रांगेत तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या: २०१२ ची स्विफ्ट, २०११ ची इंडिका व्हिस्टा आणि २०१० ची ग्रँड पुंटो. किमतीत चांगलंच अंतर, स्विफ्ट सगळ्यात महाग. भाच्यानं एजंटला विचारलं, "यातलं कुठलं इंजिन टिकाऊ?" एजंट क्षणात म्हणाला, "स्विफ्टचं. डोळे झाकून घ्या."

मी तिन्ही बॉनेट उघडायला लावली. वरची प्लास्टिकची कव्हरं वेगळी, त्यावरची नावं वेगळी: एकावर डीडीआयएस, एकावर क्वाड्राजेट, एकावर मल्टिजेट. खाली वाकून पाहिलं तर टॅपेट कव्हर तेच, ऑइल फिल्टरचं हाउसिंग त्याच जागी, टर्बोकडे जाणारा पाईप त्याच वळणाचा. भाचा दोन मिनिटं तिन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिला. घरी येताना त्यानं एवढे प्रश्न विचारले की म्हटलं आता धागाच काढू.

हे इंजिन फियाटचं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ६९.६ मिमी आणि स्ट्रोक ८२ मिमी. २००० साली फियाट आणि जनरल मोटर्सनं (जीएम) हातमिळवणी केली, त्या काळात हे तयार झालं आणि २००३ मध्ये युरोपात रस्त्यावर आलं. मुख्य कारखाना पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा शहरात होता. २००५ मध्ये फियाट आणि जीएमचा संसार मोडला, पण इंजिन दोघांकडेही राहिलं. म्हणून ओपेलमध्ये ते सीडीटीआय, सुझुकीकडे डीडीआयएस आणि युरोपातल्या फोर्ड काच्या दुसऱ्या पिढीत टीडीसीआय झालं.

याची मुळं आणखी मागे जातात. डिझेलचा दाब एका सामाईक नळीत साठवून ठेवायचा आणि तिथून प्रत्येक नोझलला हवा तेव्हा हवा तेवढा द्यायचा, हे कॉमन रेलचं तंत्र मोटारीसाठी फियाटच्याच संशोधकांनी विकसित केलं. पुढे ते बॉशला विकलं, बॉशनं ते कारखान्यात उतरवलं आणि १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल असलेली पहिली मोटार ठरली. मल्टिजेट ही त्याची पुढची पायरी. एका फेऱ्यात डिझेल एकदम न फवारता अनेक छोट्या हप्त्यांत फवारायचं. जुन्या डिझेलची ती ठणठण कमी झाली ती यामुळे.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट, आणि ही सांगताना मला खरंच अभिमान वाटतो. मारुतीसाठी हे इंजिन मानेसरला बनायचं आणि जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली. फियाट आणि टाटांसाठी ते आमच्या रांजणगावात बनायचं, ज्या रस्त्यानं मी रोज जातो तिथे. शेवरोले सेलसाठी जीएमनं तळेगावात बनवलं. त्यांच्याच बीट गाडीमधलं ९३६ सीसीचं तीन सिलिंडरी डिझेलही याच घराण्यातलं, एक सिलिंडर कमी केलेलं धाकटं भावंड. स्विफ्ट आणि डिझायरला एवढी मागणी आली की मानेसर पुरेना, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये मारुतीनं रांजणगावहून वर्षाला एक लाख इंजिनं घ्यायचा करार केला. म्हणजे आज बघितलेल्या त्या स्विफ्टचं इंजिनसुद्धा शिरूर तालुक्यात जन्मलेलं असू शकतं! लोक याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे. रिट्झ, एसएक्स४, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मांझा, झेस्ट, लिनिया... यादी मोठी आहे. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि याचा प्रवास इथे संपला.

भरवशाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. हे इंजिन फार चांगलं आहे, पण ते ऑइलवर जगतं. याची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवणारी साखळी) बदलायची ठरलेली मुदत नाही, त्यामुळे लोकांनी ती अमर आहे असं धरलं. चेन ताणून धरणारा टेन्शनर मात्र ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल घट्ट, काळं, उशिरा बदललेलं असेल तर टेन्शनर ढिला पडतो, चेनच्या पिना झिजतात आणि चेन लांबते. एक दिवस ती दात सोडते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो.

हे आमच्या घरी घडता घडता राहिलं. आमच्या आधीच्या गाडीत हेच इंजिन होतं. कोपऱ्यावरच्या एका गॅरेजनं दोन वर्षं पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडऐवजी ड्रममधलं स्वस्त, जाड ऑइल भरलं, आणि "डिझेलला वीस हजार चालतं" म्हणत बदल लांबवला. मीही विश्वास ठेवला. १ लाख ३० हजारावर सकाळी स्टार्ट केली की पहिले दोन-तीन सेकंद खडखड यायची, डब्यात खिळे हलवल्यासारखी. दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं, जुनी चेन काढली आणि नवी आणि जुनी अशा दोन्ही एकाच खिळ्याला टांगल्या. जुनीचा तळ नवीपेक्षा नखभर खाली लोंबत होता. एवढ्या नखभर अंतरापायी अख्खं हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) गेलं असतं. ती चेन मी अजून ठेवली आहे. नव्या चेनवर पुढे एक लाख किलोमीटर निर्धास्त झाले.

म्हणून भाच्याला सांगितलं: कंपनीचं नाव बघून पन्नास हजार जास्त देऊ नकोस, ऑइलची बिलं बघ.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. डिझेलच नव्हे, हल्लीच्या १.० लिटर टर्बो पेट्रोलबद्दलही लिहा.

---

सह्याद्रीची_वाट
रविवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. माझी डिझायर २ लाख ६० हजार झाली, चेन मूळचीच. ऑइल दर दहा हजाराला, एकदाही चुकवलं नाही. वरंधा घाटात २००० आरपीएमच्या खाली गेलं की गाडी झोपते आणि वर आलं की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी उठते. या इंजिनाची ही सवय एकदा कळली की घाटात गिअर आपोआप योग्य पडतो.

---

अनघा_ठाणे
सोमवार, सकाळी ८:२०

शिरूरकर, अगदी वेळेवर धागा आलाय. आम्ही नवीन गाडी घेतोय. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, महिन्याला जेमतेम पाचशे-सहाशे होतात, वर्षातून दोनदा कोकण. शोरूमवाला १.० टर्बो पेट्रोलच घ्या म्हणतोय, सासरे म्हणतात साधं १.२ घ्या, टर्बोचा खर्च नको. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण पुढची दहा वर्षं ही गाडी वापरायची आहे. खरंच छोटं टर्बो लवकर जातं का?

---

मिस्त्री_कोल्हापूर
सोमवार, दुपारी १:५०

मी अठरा वर्षं गॅरेज चालवतो. जेवायच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

शिरूरकरांचं ऑइलबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यात टर्बोची भर घालतो. टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे. एक इंजिनाच्या गरम धुरानं फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. त्याला बॉल बेअरिंग नसतं बहुतेक वेळा, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल आलं नाही तर काही सेकंदांत खेळ संपला.

आंबा घाट चढून आलात, वर चहाच्या टपरीवर गाडी थांबवली आणि लगेच चावी फिरवली. ऑइलचा पंप थांबला, पण टर्बोचं घर अजून तापलेलं आहे. आत अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. करपलेल्या ऑइलचे काळे कण पुढे त्याच बारीक वाटेत जाऊन बसतात. असं वर्षानुवर्षं झालं की वाट बंद. म्हणून घाट किंवा हायवे जोरात मारून आलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. गावात हळू फिरून आलात तर त्याची गरज नाही.

आता भाच्यासाठी. जुनी टर्बो डिझेल बघायला गेलात तर मी काय करतो ते सांगतो:

सकाळी जायचं, आणि आधी फोन करून सांगायचं की गाडी स्टार्ट करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर आवाज लपवायला आधीच तापवली आहे. थंड इंजिन स्टार्ट होताना पहिले तीन सेकंद कान द्या. मग ऑइलचं झाकण उघडा, आतून बोट फिरवा. काळं ऑइल डिझेलला चालतंच, पण बोटाला वंगणासारखा घट्ट चिखल लागला तर ती गाडी सोडा. मग टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा पाईप बघा. थोडा ओलसरपणा चालतो, ऑइल टपकत असेल तर नाही. मालकाची हरकत नसेल तर टर्बोचा तोंडाचा पाईप काढून दांडा दोन बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलला तर ठीक. आत-बाहेर सरकला तर टर्बो गेला.

आणि एक. माझ्याकडे "टर्बो गेला" म्हणून येणाऱ्या दहा गाड्यांत निम्म्यांत टर्बो ठणठणीत असतो. रबरी पाईप फाटलेला असतो नाहीतर क्लिप सुटलेली असते, नाहीतर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं चिकटलेला असतो. पिकअप मेलं आणि काळा धूर आला की लगेच नवा टर्बो घेऊ नका.

---

जुना_चालक
सोमवार, रात्री ९:१५

मला हे पटत नाही. माझ्या साध्या पेट्रोल गाडीनं साडेतीन लाख किलोमीटर केले, ऑइल कधी दहाला, कधी पंधराला, आणि इंजिनाला पाना लागला नाही. हजार सीसीच्या इंजिनाकडून सोळाशेचं काम करून घ्यायचं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. ते थकणारच. एवढी काळजी घ्यावी लागणारी वस्तू सामान्य माणसानं का घ्यावी?

---

शिरूरकर
सोमवार, रात्री १०:३०

जुना_चालक, तुमचा मुद्दा मनापासून मान्य आहे, अर्धा. साध्या इंजिनाला चूक पचते, टर्बोला पचत नाही. पण वासराचं उदाहरण नीट बसत नाही, कारण हे इंजिन पहिल्यापासून त्या ओझ्यासाठीच घडवलेलं असतं. क्रँक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड जास्त दाबासाठी केलेले असतात, बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारून तो थंड ठेवतात.

थोडं गणित करू. पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, अश्वशक्तीसारखं. ७५ पीएसचं मल्टिजेट म्हणजे लिटरमागे ६० पीएस. मारुतीचं जुनं साधं १.२ के-सीरीज ८३ पीएसचं, म्हणजे लिटरमागे ६९. ह्युंदाई व्हेन्यूचं ९९८ सीसीचं टर्बो पेट्रोल १२० पीएस, म्हणजे लिटरमागे १२०. "टर्बो" हा एकच शब्द असला तरी आपलं जुनं डिझेल आणि हे नवं पेट्रोल ही दोन वेगळी माणसं आहेत. डिझेलच्या धुराचं तापमान साधारण साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत जातं, पेट्रोल टर्बोत ते साडेनऊशे-हजारापर्यंत पोचतं. म्हणून मल्टिजेटनं अडीच लाख केले यावरून नवं १.० पेट्रोलही करेलच असं मी म्हणणार नाही. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

---

मृण्मयी_श्टुटगार्ट
मंगळवार, पहाटे २:४०

मी इथे जर्मनीत मोटारींच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात काम करते, मूळची सांगलीची. इंजिनांच्या सोयरिकी हा माझा आवडता विषय.

भारतात २०२० मध्ये रेनो डस्टरला १३३२ सीसीचं टर्बो पेट्रोल मिळालं, १५६ पीएस आणि २५४ एनएम टॉर्क. पुढच्याच वर्षी मर्सिडीजची ए-क्लास लिमुझिन आली, चाकणला जोडणी झालेली, १३३२ सीसी, १६३ पीएस. हे एकाच कुळातलं इंजिन आहे. रेनो-निस्सान आणि डाइमलर (मर्सिडीजची तेव्हाची मूळ कंपनी) यांनी मिळून ते विकसित केलं. त्यातला सिलिंडरच्या आतला फवारलेला आरशासारखा लेप निस्सानच्या जीटी-आर या स्पोर्ट्स कारमध्येही आहे. डस्टर घेणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलं असेल?

त्याआधीचं रेनोचं १४६१ सीसीचं डिझेल, के९के, हे तर मल्टिजेटसारखंच सगळीकडे पोचलेलं. लोगन, व्हेरिटो, डस्टर, मायक्रा, सनी आणि मर्सिडीज ए-क्लाससुद्धा. युरोपात जिम्नीलाही तेच होतं. इथे त्याच्या सुरुवातीच्या काळात ऑइल तीस हजार किलोमीटरपर्यंत लांबवलं जायचं आणि बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) जाण्याच्या तक्रारी आल्या.

चेनबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. चेन चांगली आणि बेल्ट वाईट असं समीकरण लोक करतात, ते खरं नाही. फोक्सवॅगनच्या ईए-१११ कुळातल्या टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांना चेन होती आणि ती लांबण्याचा त्रास गाजला. २०१२ च्या ईए-२११ कुळात त्यांनी चेन काढून बेल्ट घातला, कोरडा बेल्ट, आणि तो त्रास संपला. तुमच्याकडच्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टसमधलं १.० टीएसआय याच कुळातलं.

खरी काळजी ओल्या बेल्टची. म्हणजे रबरी बेल्ट इंजिनाच्या आत, ऑइलमध्येच फिरतो. घर्षण कमी होतं, मायलेज थोडं वाढतं. प्यूजो-सित्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्ये असा बेल्ट होता. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ते रबराला फुगवतं, बेल्टचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. ऑइलचा दाब पडतो आणि टर्बो, बेअरिंग, सगळंच धोक्यात येतं. शेवटी २०२४ मध्ये स्टेलांटिसला (प्यूजो-सित्रोएनच्या आताच्या मूळ कंपनीला) युरोपात या इंजिनाची हमी दहा वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली, आणि नव्या पिढीत तर चेनच बसवली. माझ्या शेजारच्या आजींची गाडी अशीच होती. रोज बेकरीपर्यंत दोन किलोमीटर. वर्षाला चार हजार सुद्धा होत नव्हते आणि बेल्टच्या कडेचे धागे सुटलेले होते.

अनघाताई, तुमच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. कमी चालवलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे छोट्या टर्बो पेट्रोलला लागू होत नाही.

---

अनघा_ठाणे
मंगळवार, सकाळी ९:००

मृण्मयी, खूप आभार. पण मग सहा किलोमीटरच्या वापराला टर्बो घ्यावं की नाही? आणि ते एलएसपीआय काय असतं? एका व्हिडिओत ऐकलं आणि घाबरायला झालं.

---

शिरूरकर
मंगळवार, रात्री ८:४५

घाबरू नका, एलएसपीआय आधी सोपं करून सांगतो. कमी आरपीएमवर, समजा १५०० ला, तुम्ही चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला. टर्बो भरपूर हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ऑइलचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट होतो. हातोड्याचा घाव बसल्यासारखं. त्यात रिंगच्या खाचेची कड तुटू शकते. संशोधनात कळलं की ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो. म्हणून ऑइलचा नवा दर्जा आला, २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी. डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं आणि तुमच्या पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल भरा, आणि चढावर खालचा गिअर टाका. एवढं पाळलं तर या गोष्टीची झोप उडवून घेऊ नका.

दुसरं, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साठते. फक्त छोटे फेरे असतील तर जास्त.

तुमच्या वापराला माझं प्रामाणिक मत सासऱ्यांच्या बाजूनं. सहा किलोमीटरमध्ये इंजिन कसंबसं तापतं, टर्बोचा फायदा मिळतच नाही आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरत राहतं. साधं १.२ घ्या. पण चालवून बघितल्यावर टर्बोच आवडली तर घ्या, त्यात चूक काही नाही. फक्त ऑइल किलोमीटरवर मोजू नका. महिन्यावर मोजा, सहा महिन्यांनी बदला, आणि आठवड्यातून एकदा घोडबंदरवरून अर्धा तास नीट फिरवून आणा.

---

जुना_चालक
मंगळवार, रात्री ९:३०

शिरूरकर, लिटरमागे पीएसचा हिशेब मी कधी केला नव्हता. मल्टिजेट साध्या पेट्रोलपेक्षा कमी ताणलेलं आहे हे माझ्यासाठी नवीन होतं. अनघाताईंना दिलेला सल्लाही योग्य वाटला. मतभेद थोडा राहिला, पण माहिती मिळाली.

---

शिरूरकर
शनिवार, दुपारी १२:१०

अपडेट. आज सकाळी सात वाजता भाच्याला घेऊन पुन्हा वाघोलीला गेलो. स्विफ्टचं बॉनेट गरम होतं, सातच्या ठोक्याला! एजंट म्हणाला, आत्ताच कुणीतरी बघून गेलं. पुंटोच्या झाकणाला आतून चिखल लागला. व्हिस्टा थंड होती, १ लाख १० हजार, आणि मूळ मालकानं प्रत्येक ऑइल बदलाचं बिल फायलीत तारखेनुसार लावून ठेवलेलं. निवृत्त शिक्षक आहेत, फोनवर बोललो. शेवटचं बिल चार महिन्यांपूर्वीचं.

स्टार्ट करताना चेनची खडखड नाही. पण इंजिन चालू असताना उजव्या बाजूनं बारीक किर्र आवाज येतो, एसी लावला की वाढतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलाय. टोकन अजून दिलेलं नाही. मिस्त्री, तुम्हाला निरोपात पाठवतोय, ऐकून सांगाल का?

---

मिस्त्री_कोल्हापूर
शनिवार, दुपारी २:०५

ऐकला, तीनदा. एसीबरोबर वाढतो म्हणजे चेनचा नाही, बाहेरच्या बेल्टकडचा आहे. पुलीचं बेअरिंग असेल नाहीतर बेल्टच कोरडा पडलाय. खात्री करायची तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि पुली हातानं फिरवा. खरखर लागली तर तीच. किरकोळ काम आहे, त्यावर थोडे पैसे कमी करून घ्या.

टोकन द्या. पण गाडी घरी आणली की आधी खालचा ऑइलचा चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी बघा, मग नवं ऑइल भरा. चेंबरच्या तळाचा एक फोटो इथे टाका.